वह्या तपासूनही त्याच चुका पुन्हा का होतात?

प्रश्न विचारणारे शिक्षक पाचवी ते सातवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे: वर्गात ४५ विद्यार्थी आहेत, वह्या रोजच्या रोज तपासल्या जातात, चुकलेल्या ठिकाणी लाल शाईने खूण करून शेरा लिहिला जातो, दर महिन्याला घटक चाचणी होते, आणि तरीही पहिल्या महिन्यात दिसलेली चूक वर्षाअखेरीच्या उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी सापडते. तपासणी आणखी वाढवावी की तिची पद्धत बदलावी, असे त्यांनी विचारले आहे.

तपासणी वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या वर्णनात माहितीची टंचाई कोठेच दिसत नाही. त्या माहितीवरून कोणी काय करायचे, हे मात्र ठरलेले दिसत नाही. मागच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर पुढच्या तासाला तुम्ही आधी ठरवल्यापेक्षा वेगळे असे काय शिकवले, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर ती चाचणी गुणपत्रकासाठी झाली, शिकवण्यासाठी झाली नाही. आकारिक (पुढचे शिकवणे ठरवण्यासाठी केलेले) आणि संकलित (झालेल्या शिक्षणाचे गुण ठरवण्यासाठी केलेले) मूल्यमापनातला हा फरक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये, शिकणाऱ्यांच्या नव्हे तर अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भात मांडला आणि पुढे तो वर्गात आला. हा फरक प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपावर ठरत नाही. एकच प्रश्नपत्रिका तिच्या निकालाचा उपयोग कसा केला यावरून आकारिकही होऊ शकते आणि संकलितही. वर्गात छोट्या छोट्या चाचण्या घेऊन त्यांचे गुण नोंदवत राहणे याला अनेक ठिकाणी आकारिक मूल्यमापन म्हणतात, परंतु ते तुकड्यातुकड्यांनी घेतलेले संकलित मूल्यमापनच असते.

पुढे जे सांगणार आहे त्यातले काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. अभ्यासक्रमाचा वेग ठरवण्याची थोडीतरी मोकळीक तुम्हाला असेल, तरच निकाल पाहून एखादा तास पुन्हा घेता येतो. दर आठवड्याला गुण भरून देण्याची सक्ती असेल, तर काही गोष्टींना मुरड घालावी लागेल. अगदी लहान वयाच्या मुलांना लेखी शेऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, त्यांच्याशी बोलावेच लागते. भाषा विषयातील निबंधासारखे लेखन गणितातील उदाहरणांसारखे तपासता येत नाही. त्याविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चूक वाचता येणे. ५२ मधून २८ वजा करायला सांगितले आणि तीन मुलांची उत्तरे चुकली, तर लाल शाईच्या तीन फुल्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात एकाचे उत्तर ३६ असते, कारण त्याने प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला आहे. दुसऱ्याचे ३४ असते, कारण त्याने एककासाठी हातचा घेतला, पण दशकाच्या घरातला ५ तसाच ठेवला. तिसऱ्याचे २३ असते आणि त्याची रीत पूर्ण बरोबर आहे, फक्त १२ मधून ८ काढताना मोजण्यात घसरला आहे. पहिल्याला स्थानिक किंमत समजलेली नाही, दुसऱ्याला रीत अर्धवट आठवते आहे आणि तिसऱ्याला नव्याने शिकवण्यासारखे काहीच नाही. तिघांनाही ‘सराव वाढवा’ असा शेरा दिला, तर पहिला मुलगा आपल्या चुकीच्या रीतीचाच सराव करून ती पक्की करील. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशा चुकांची बारकाईने मांडणी केली, तिचा गाभा हाच होता की मुलांच्या पुष्कळ चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. एखादा चुकीचा नियम ती मोठ्या निष्ठेने पाळत असतात. म्हणून त्या चुका पुनःपुन्हा त्याच होतात, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे.

चूक वाचता यायची असेल, तर प्रश्नही तसा निवडावा लागतो. ०.४५ आणि ०.३ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारले तर बहुतेक वर्ग बरोबर उत्तर देतो आणि आपण समाधानाने पुढे जातो. पण ‘ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी’ असे मानणारा मुलगाही ०.४५ असेच सांगतो. तेव्हा ०.३५ आणि ०.४ विचारावेत, तो नियम येथे उघडा पडतो. मात्र तेवढ्यावरही थांबता येत नाही, कारण काही मुलांनी उलटा नियम धरलेला असतो: शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात, म्हणून दशांश चिन्हापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. अशी मुले ०.४ हे बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने देतात. त्यांच्यासाठी ०.६२ आणि ०.५ ही दुसरी जोडी लागते. या दोन्ही जोड्या एकत्र दिल्या की वर्गात कोणता नियम किती मुलांनी धरला आहे, ते दोन मिनिटांत कळते. साधी वीस उदाहरणे तपासूनही ते कळेलच असे नाही. चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर येऊ शकणार नाही असा प्रश्न तयार करणे, हे माझ्या मते शिक्षकाच्या तयारीतले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत टिकाऊ काम आहे. एकदा सापडलेला असा प्रश्न दर वर्षी वापरता येतो. बहुपर्यायी प्रश्न वापरत असाल, तर प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांचा एखादा खरा गैरसमज असला पाहिजे, केवळ जागा भरण्यासाठी पर्याय देऊ नयेत. चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारात एक असते. त्याच संकल्पनेवर दोन प्रश्न विचारले तर दोन्ही अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सोळात एक इतकी खाली येते.

आता ४५ जणांकडून उत्तरे कशी घ्यायची, हा प्रश्न. ‘समजले का?’ असे विचारून काहीही कळत नाही. ज्याला समजले नाही त्याला आपल्याला समजले नाही हे बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी सगळ्यांसमोर तो ते कशाला सांगेल? हात वर करणाऱ्यांना विचारण्याची पद्धतही फसवी आहे, कारण ज्यांना येते त्यांचीच उत्तरे त्यात ऐकू येतात आणि वर्ग पुढे गेला असे वाटू लागते. त्याऐवजी सर्वांनी एकाच वेळी उत्तर दाखवावे: पाटीवर लिहून, किंवा अ, ब, क, ड या पर्यायांसाठी एक, दोन, तीन, चार बोटे छातीजवळ धरून. शेजाऱ्याचे पाहून बोटे बदलली जाऊ नयेत म्हणून आधी विचार करायला वेळ द्यावा आणि इशाऱ्यानंतरच सर्वांनी एकदम दाखवावे. हा वेळ देणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या निरीक्षणांत शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले होते. ती शांतता तीन सेकंदांपर्यंत नेली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि अधिक मुले बोलू लागली. ती तीन सेकंदांची शांतता मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त टोचते, असा माझा अनुभव आहे.

उत्तरे दिसल्यावर काय करायचे, हे प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले असावे. माझे साधारण ठोकताळे असे आहेत. चार-सहा मुलेच चुकली असतील, तर वर्ग पुढे नेते आणि बाकीची मुले स्वाध्याय सोडवत असताना त्या मुलांना जवळ घेऊन बसते. जवळजवळ निम्मा वर्ग चुकला असेल, तर बरोबर उत्तर सांगतच नाही; वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्या, असे सांगून दोन मिनिटे बोलू देते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात हीच रीत पद्धतशीरपणे वापरली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तेव्हाच अशी चर्चा फलदायी ठरते, असा त्यांचा संकेत आहे. त्याहून कमी असेल तर पटवून देणारेच पुरेसे नसतात. अशा वेळी धडा पुन्हा घ्यावा लागतो, परंतु तेच वाक्य जास्त सावकाश आणि जास्त मोठ्याने म्हणणे म्हणजे पुन्हा शिकवणे नव्हे. रस्ता बदलावा लागतो.

रस्ता बदलणे म्हणजे काय, याचे उदाहरण विज्ञानातून देते. बीपासून मोठे झाड झाले. त्याचे वाढलेले वस्तुमान मुख्यतः कोठून आले, असे विचारले की बहुतेक मुले ‘मातीतून’ म्हणतात, आणि प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ असलेली मुलेही तेच म्हणतात. व्याख्या पुन्हा सांगून हा समज हलत नाही. तेव्हा मी सतराव्या शतकातील व्हॅन हेल्मोंट यांचा प्रयोग सांगते. त्यांनी कोरडी माती तोलून कुंडीत घातली, त्यात विलोचे पाच पौंडांचे रोप लावले आणि त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढले होते, आणि माती जेमतेम दोन औंसांनी कमी झाली होती. हे आकडे फळ्यावर लिहून मी गप्प बसते. ‘मातीतून’ म्हणणाऱ्यांची अडचण त्यांनाच दिसते आणि ती पाण्याकडे वळतात. स्वतः व्हॅन हेल्मोंट यांचाही निष्कर्ष तोच होता, पाण्याचेच झाड झाले. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्या काळी कोणाला माहीत नव्हता. इतका काळजीपूर्वक प्रयोग करणारा माणूसही अर्ध्या वाटेवर थांबला होता, हे कळले की आपले उत्तर चुकल्याचा मुलांना वाटणारा संकोच बराच कमी होतो, आणि मग हवेविषयीच्या चर्चेत तीच मुले हिरिरीने उतरतात.

तासाच्या शेवटी एक प्रश्न देऊन अर्ध्या कागदावर उत्तर घेण्याची पद्धत तुमच्या रोजच्या वही तपासणीची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकेल. त्या चिठ्ठ्या तपासायच्या नाहीत, त्यांवर काही लिहायचेही नाही. फक्त तीन गठ्ठे करायचे: समजले, अर्धवट, मुळीच नाही. याला दहा मिनिटे पुरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली दहा मिनिटे कशासाठी वापरायची ते त्यातून ठरते. चिठ्ठीवरील एखादे बोलके चुकीचे उत्तर फळ्यावर लिहून ‘हे उत्तर देणाऱ्याने काय विचार केला असेल?’ असे विचारता येते. पण नाव सांगायचे नाही, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ते आपण स्वतः लिहायचे. ज्या वर्गात चुकीचे उत्तर चव्हाट्यावर येते, त्या वर्गात मुले चुका लपवायला शिकतात, आणि मग कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही.

वह्यांविषयी. एका वहीला दोन मिनिटे धरली, तरी ४५ वह्यांना दीड तास लागतो आणि दोन मिनिटांत खूण करण्यापलीकडे काही होत नाही. त्याऐवजी रोज नऊ वह्या नीट पाहिल्या, तर पाच दिवसांत सगळा वर्ग होतो. उरलेल्या दिवशी मुलांनी उत्तरसूची पाहून स्वतः तपासावे. बरोबर आणि चूक एवढेच सांगणारी तपासणी त्यांना सहज जमते. तुम्ही पाहिलेल्या वहीत चूक दुरुस्त करून देऊ नका. ‘या पानावरील दोन उदाहरणे चुकली आहेत, ती शोधून दुरुस्त कर’ किंवा ‘तिसऱ्या पायरीत छेद समान केले आहेत का, ते पाहा’ असे काहीतरी लिहा, म्हणजे शेरा वाचून मुलाला करण्यासारखे काम उरेल. ‘छान’, ‘लक्ष दे’, ‘अक्षर सुधार’ या शेऱ्यांनंतर मुलाने नेमके काय करावे? आणि वही परत दिल्यावर त्याच तासात दहा मिनिटे दुरुस्तीसाठी राखून ठेवा. तेवढा वेळ देता येणार नसेल, तर त्या दिवशी शेरे लिहूच नयेत, असे मी नव्या शिक्षकांना सांगते, कारण न वाचल्या जाणाऱ्या शेऱ्यांवर आपली संध्याकाळ खर्च करण्यात काहीच अर्थ नाही.

गुण आणि शेरा एकत्र द्यावेत का, याविषयी मतभेद आहेत. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही शाळकरी मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही दिले होते. फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी वाढली. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्यांचा म्हणावा तसा लाभ झाला नाही. वर्गातही हेच दिसते: गुण दिसले की नजर शेजाऱ्याच्या गुणांकडे जाते आणि शेरा तसाच राहतो. यावरून गुण देणेच बंद करा, असे मी म्हणणार नाही. शाळेला आणि पालकांना ते हवे असतात. पण ते तुमच्या नोंदवहीत ठेवून, मुलाने दुरुस्ती करून आणल्यानंतर दोन दिवसांनी सांगायला कोणाची हरकत नसते. कौतुकाबाबतही थोडी सावधगिरी हवी. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रत्याभरणावरील, म्हणजे केलेल्या कामाविषयी दिलेल्या प्रतिसादावरील, अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रत्याभरणामुळे कामगिरी उलट घसरल्याचे दिसले. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की हे घडू शकते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य प्रेमळ असले, तरी ते उदाहरणाविषयी नाही.

भाषेच्या लेखनात एक चूक शोधून दुरुस्त करण्याइतके काम सोपे नसते, कारण चांगले लेखन कसे असते याची कल्पनाच मुलांना नसते. कोणत्या गुणवत्तेला किती गुण हे सांगणारे लांबलचक निकषतक्ते वाचून ती येत नाही. मला त्या तक्त्यांचा कंटाळा येतो आणि मुलांनाही येतो. आधीच्या वर्षीचे, नाव काढलेले दोन नमुने शेजारी ठेवून कोणता अधिक परिणामकारक आहे आणि का, हे मुलांकडून काढून घ्यावे आणि मगच त्यांना लिहायला सांगावे. मुलांनी एकमेकांचे लेखन वाचून सूचना द्याव्यात, गुण मात्र देऊ नयेत. त्यात मैत्री आणि भांडणे दोन्ही मोजली जातात.

काही मुले मात्र यातल्या कशानेही पुढे सरकणार नाहीत. त्यांची अडचण या घटकातली नसून फार मागची असते, किंवा गणितातली नसून प्रश्न वाचण्यातली असते. अशा मुलाला प्रश्न वाचून दाखवावा आणि ‘तू हे कसे केलेस ते मला सांग’ असे म्हणून पाच मिनिटे केवळ ऐकावे, मध्येच दुरुस्त करू नये. वाचून दाखवल्यावर उत्तर बरोबर आले, तर उपाय वाचनाचा शोधायचा. नाही आले, तर प्रश्न सोपा करत मागे जायचे आणि जेथे उत्तर सहज येऊ लागते तेथून शिकवायला सुरुवात करायची. वर्गाच्या वेळेत हे पूर्ण होत नाही, आणि त्याला जादा वेळ मिळवून देणे हे एकट्या शिक्षकाच्या हातात नसते.

वर्षाअखेरीस चूक परत येण्याचे आणखी एक कारण आहे. शिकवल्यानंतर लगेच आलेले बरोबर उत्तर टिकेलच असे नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले, पण आठवड्यानंतर तो न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून तासाअखेरीच्या चिठ्ठीवर आजच्या प्रश्नाबरोबर दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या घटकातील एक प्रश्न घालावा, विशेषतः ज्यावर वर्ग आधी अडखळला होता असा.

सुरुवात सगळ्या वर्गांत एकदम करू नका. एकच तुकडी आणि एकच घटक निवडा, त्यातील नेहमीच्या दोन-तीन चुका कागदावर मांडा, त्या पकडणारे प्रश्न तयार करा आणि आठवड्यातून दोनदा चिठ्ठ्या घ्या. लाल शाई कमी झाल्याचे पालक किंवा मुख्याध्यापक विचारतील, तेव्हा वहीत मुलाने वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने स्वतः केलेल्या दुरुस्त्या दाखवा. मासिक घटक चाचणी बंद करण्याची गरज नाही, फक्त तिची तारीख बदला. घटक संपल्यावर घेण्याऐवजी तो संपायला तीन तास उरले असताना ती घ्या, उत्तरपत्रिका तपासताना कोणत्या प्रश्नात कोणते चुकीचे उत्तर किती जणांनी दिले याची एका कागदावर नोंद करा, आणि ते तीन तास त्या कागदावरून ठरवा.